बॅच म्हणू नका, फेरी म्हणा

गोडाऊनमध्ये पिकर म्हणून, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे रॅकवरून माल उचलून आणायच्या कामाला, लागलो त्या पहिल्या आठवड्यात माझ्या मोबाइलने दिवसाला बावीस-तेवीस हजार पावलं मोजली. शहापूरहून कंपनीच्या बसने पडघ्याला जायचं, दिवसभर चालायचं आणि परतताना बसमध्ये बूट काढून बसायचं. शेजारी बसणारा मुरबाडचा दादा म्हणाला, "पंढरपूरला पोचला असतास एव्हाना." तेव्हा हसलो. पुढे दोन वर्षांनी त्याच मजल्यावर सुपरवायझर झालो आणि मॅनेजरसाहेबांनी बॅच पिकिंग, म्हणजे अनेक ऑर्डरींचा माल एकाच फेरीत उचलायची पद्धत, लावायचं काम माझ्या गळ्यात घातलं, तेव्हा ती पावलंच पहिल्यांदा आठवली.

भिवंडी, पडघा, वडपे, मानकोली हा पट्टा गोडाऊनचा का झाला हे नवीन मुलांना बऱ्याचदा माहीत नसतं. मुंबईत माल शिरला की जकात लागायची, म्हणून व्यापारी वेशीबाहेर माल ठेवत आणि लागेल तेवढाच आत नेत. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोडाऊनं गेली नाहीत, उलट वाढली. फरक कामात पडला. पूर्वी टेम्पो भरून मदर कार्टन, म्हणजे कंपनीचे मोठे बंद खोके, जायचे. आता एका घरी एक लिपस्टिक, दुसऱ्या घरी शाम्पू आणि कंगवा, अशा चिल्लर ऑर्डरी जातात. गोडाऊन घाऊक मालासाठी बांधलेलं आणि काम किरकोळ वाण्याचं, ही आमची खरी अडचण होती.

आमच्याकडे सौंदर्यप्रसाधनं आणि घरगुती बारीकसारीक वस्तू होत्या. पद्धत सरळ होती: एक ऑर्डर, एक कागद, एक फेरा. कागद घ्यायचा, माल उचलायचा, पॅकिंग टेबलावर ठेवायचा, दुसरा कागद घ्यायचा. एका फेऱ्यात साधारण १६० मीटर चालणं. बारा ऑर्डरींना बारा फेरे, म्हणजे १९०० मीटरच्या वर. त्याच बारा ऑर्डरी एका ट्रॉलीवर घेऊन सहा गल्ल्या नागमोडी, म्हणजे एका गल्लीतून वर आणि पुढच्या गल्लीतून खाली, अशा फिरलो तर अडीचशे मीटरमध्ये काम होतं. चाळीतली एक बाई बाजारात निघाली की शेजारणी तिच्याकडे आपापल्या पिशव्या देतात, तसंच हे. फरक एवढाच की कोथिंबीर कुणाची आणि मिरच्या कुणाच्या हे तिला परत येईपर्यंत लक्षात ठेवावं लागतं. बॅच पिकिंगचं सगळं दुखणं या पिशव्यांच्या वाटणीत आहे. चालणं कमी होणार हे कुणालाही कळतं. वाटणी वाढणार हे आधी कुणी सांगत नाही.

माझी पहिली चूक अशी की मी थेट ट्रॉलीपासून सुरुवात केली. दोन दिवस वाया गेल्यावर इनवर्डच्या, म्हणजे आलेला माल उतरवून घेणाऱ्या, एका जुन्या भाऊंनी विचारलं, "ऑर्डरी कशा येतात ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. मग महिन्याभराच्या ऑर्डरी एक्सेलमध्ये घेतल्या आणि पिव्होट (एक्सेलमधला बेरीज-मोजणीचा तक्ता) लावून एवढंच मोजलं की किती ऑर्डरींमध्ये एकच वस्तू आहे. निम्म्याहून जास्त निघाल्या. हा आकडा प्रत्येक गोडाऊनचा वेगळा असतो. किराणा मालाच्या ठिकाणी एका ऑर्डरीत वीस-वीस ओळी, म्हणजे वीस वेगवेगळ्या वस्तू, असतात, तिथे माझं गणित चालणार नाही. म्हणून आधी मोजा.

एकाच वस्तूच्या ऑर्डरींना वाटणी लागतच नाही. तेच फेसवॉश चाळीस जणांनी मागवलं असेल तर चाळीस नग एकदम आणायचे, चाळीस लेबलं एसकेयूनुसार (म्हणजे वस्तूच्या कोडनुसार) लावून एका गठ्ठ्यात छापायची आणि टेबलावर कुठलाही नग कुठल्याही लेबलाला जोडायचा. सगळे नग सारखेच, त्यामुळे चुकायला जागा नाही. आम्ही पहिले पंधरा दिवस फक्त हेच केलं. सॉफ्टवेअरला हात लावला नाही, नवीन काही विकत घेतलं नाही, तरी दुपारची धावपळ निम्म्यावर आली. नवीन सुपरवायझरला मी आजही हेच सांगतो: अवघड ऑर्डरी नंतर, आधी एकेरी वेगळ्या काढा.

मग अनेक वस्तूंच्या ऑर्डरी घेतल्या आणि पहिल्याच दिवशी पचका झाला. आमचं सॉफ्टवेअर होतं, पण त्यातला बॅचचा भाग कंपनीने घेतलेला नव्हता, म्हणून पिकलिस्ट, म्हणजे उचलायच्या मालाची यादी, मी एक्सेलमध्ये लोकेशननुसार, म्हणजे रॅकच्या नंबरानुसार, लावून दिली. पोरं गल्लीत इकडून तिकडे पळताना दिसली. अर्ध्या तासाने एक जण वैतागून म्हणाला, "साहेब, ए-१ नंतर ए-१० कसं येतं? मधले रॅक कुठे गेले?" एक्सेल लोकेशनला शब्द समजत होतं, आकडा नाही. त्याच्या हिशेबात ए-१, मग ए-१०, ए-११ आणि त्यानंतर कुठेतरी ए-२. आम्ही चालणं वाचवायला निघालो होतो आणि यादीच पोरांना गल्लीभर फिरवत होती. त्या शनिवारी रात्री थांबून सगळ्या रॅकवर नवे स्टिकर लावले: ए-०१, ए-०२, सगळे दोन आकडी. एका साध्या शून्यासाठी शनिवारची रात्र गेली, पण माझ्या मते त्या सगळ्या बदलातलं सर्वांत मोलाचं काम तेच होतं. नंबर चालण्याच्या वाटेप्रमाणेच पडले पाहिजेत. शेजारच्या गल्लीत शेवटाकडून सुरुवातीला यायचं असेल तर यादीतही त्या गल्लीचे नंबर उलटे आले पाहिजेत. हे आम्ही एक्सेलमध्ये वेगळा 'वाट क्रमांक' नावाचा रकाना टाकून केलं. लोकेशन काहीही असो, यादी त्या रकान्यानुसार लावायची.

आता ट्रॉली. मला तीस क्रेटची हवी होती, कारण मोठी फेरी म्हणजे जास्त बचत असं वाटत होतं. फॅब्रिकेशनवाल्याने गल्लीची रुंदी मोजली आणि हसून सांगितलं की एवढी ट्रॉली आत जाईल, पण वळणार नाही. शेवटी तीन मजली, प्रत्येक मजल्यावर चार, अशी बारा क्रेटची ट्रॉली झाली. तेच बरं झालं. तीस ऑर्डरी घेऊन निघालेला माणूस पावणेदोन तास परत येत नाही, तोवर पॅकिंग टेबल रिकामं. शिवाय डोळ्यासमोर बारा डबे असले तर हात सहसा चुकत नाही, तीस असले की चुकतो. क्रेटला मोठे, जाड नंबर लावले आणि प्रत्येक ओळीत कप्पा, वस्तू, नग आणि क्रेट नंबर एवढंच छापलं. ग्राहकाचं नाव, शहर सगळं काढून टाकलं. पिकरला त्याची गरज नसते.

जुन्या पद्धतीत चूक झाली तर एकच ऑर्डर बिघडायची. इथे पाच नंबरची वस्तू सहामध्ये पडली की दोन ऑर्डरी बिघडतात: एकाला कमी, दुसऱ्याला जास्त. म्हणून टेबलावर प्रत्येक नग स्कॅन करूनच बॉक्समध्ये, ही अट ठेवली. आणि दिसायला सारख्या वस्तू शेजारी ठेवायच्या नाहीत. एकाच शाम्पूची १८० मि.ली. आणि ३४० मि.ली.ची बाटली, एकाच लिपस्टिकच्या जवळजवळ सारख्या छटा, या वेगवेगळ्या रॅकवर पाठवल्या. माल लावणाऱ्या ताई कुरकुरल्या, कारण त्यांना एका कंपनीचा माल एका जागी लावायची सवय. पण दुकानात असं लावणं ठीक, तिथे गिऱ्हाईक बघून घेतं. इथे घाईतला हात घेतो.

शब्दाचाही एक घोळ झाला. सौंदर्यप्रसाधनाच्या प्रत्येक बाटलीवर बॅच नंबर छापलेला असतो आणि ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी काढायचा, हा नियम पोरांच्या डोक्यात आधीपासून पक्का. त्यात मी सकाळी ओरडलो, "बॅच सात उचला!" नवीन लागलेला एक मुलगा वीस मिनिटं बाटल्या उलट्या करून सात हा आकडा शोधत होता. त्याच्यावर हसणं सोपं होतं, पण चूक माझी होती. त्या दिवसापासून आम्ही तिला 'फेरी' म्हणायला लागलो. फेरी सात, फेरी आठ. उत्तर प्रदेश, बिहारच्या पोरांनाही हा शब्द लगेच कळला. तुम्ही जिथे काम कराल तिथे आधीच कुठला शब्द कशासाठी चालतो ते बघा आणि मगच नवा शब्द आणा.

माल कमी निघण्याचा प्रकार सगळ्यात त्रासदायक. सिस्टिम दोन नग दाखवते, कप्पा रिकामा. एकेका ऑर्डरीच्या पद्धतीत तो कागद बाजूला ठेवता यायचा. फेरीत मात्र अख्खी ट्रॉली एका वस्तूपायी अडून राहते आणि पिकर शोधत बसतो. आम्ही नियम केला: एकदा बघा, नाही दिसलं तर यादीवर खूण करा, पुढे चला. टेबलाजवळ एक रॅक ठेवला, अपुरे क्रेट तिथे. पोरांनी त्याला 'वेटिंग लिस्ट' नाव दिलं आणि एखादी ऑर्डर पूर्ण झाली की "कन्फर्म झाली!" अशी आरोळी. सकाळी अकरा आणि दुपारी तीन वाजता एकच माणूस तो रॅक निस्तरायचा. पण खरा उपाय फेरीच्या आधीच असतो. एका फेरीत एकाच कप्प्यातून नऊ-दहा नग निघतात, त्यामुळे खालचे कप्पे पूर्वीपेक्षा पटकन रिकामे होतात. रॅकच्या वरच्या मजल्यावरचा साठा सकाळी फेऱ्या सुटण्याआधी खाली यायला हवा. आमच्याकडे तो दुपारी यायचा, जुन्या सवयीने. ते बदलायला महिना लागला, कारण तिथली शिफ्ट वेगळी, ठेकेदार वेगळा आणि प्रत्येकाला आपलीच घाई.

दुसरा धक्का पॅकिंगवाल्यांनी दिला. पिकिंग दुपारी दोनला संपायला लागलं आणि टेबलांपुढे ट्रॉल्यांची रांग लागली. पिकर मोकळे, पॅकर घामाघूम. मी पिकरच्या वेगाचे आकडे साहेबांना दाखवत होतो, आणि पॅकिंगची एक मावशी म्हणाली, "तुमचं झालं असेल रे, आमचं मरण झालंय." बरोबर होतं तिचं. अडकलेली जागा फक्त पुढे सरकली होती. मग तीन पिकर जेवणानंतर टेबलावर बसवले आणि फेऱ्या सकाळी एकदम न सोडता दर अर्ध्या तासाला सोडल्या. कागदावर पिकिंगचा वेग कमी दिसला. संध्याकाळी सहाला कुरिअरची गाडी मात्र भरून गेली, आणि शेवटी हिशेब तोच.

कुरिअरच्या वेळेवरूनच फेऱ्या ठरवायच्या. पाचची गाडी ज्यांची, त्यांच्या ऑर्डरी एका फेरीत, सातवाल्यांच्या दुसऱ्या. जागा जवळजवळ आहेत म्हणून दोन्ही मिसळल्या तर चालणं वाचतं पण गाडी चुकते. शेवटच्या तासात बारा ऑर्डरींची फेरी सोडू नये, चार-पाच ऑर्डरींचीच सोडावी. पावसाळ्यात नाशिक हायवेवर गाड्या अडकतात, तेव्हा कुरिअरवाला लवकर निघायला बघतो, त्या दिवसांत तर आणखी लहान. दिवाळीच्या आधी उटणं आणि सुगंधी तेलाचे संच एवढे जायचे की मी ते सगळे टेबलाजवळच्या पहिल्या गल्लीत आणले, आणि चार ट्रॉल्या त्या एका गल्लीत एकमेकींना भिडल्या. दादर स्टेशनचा पूल झाला तिथे. जास्त खपणारा माल जवळ हवा हे खरं, पण दोन-तीन गल्ल्यांत वाटून.

माणसांविषयी थोडं. फेऱ्या लागल्या की टार्गेट ऑर्डरींवर ठेवू नका, ओळींवर ठेवा. नाहीतर सगळ्यांना एकेरी फेरी हवी असते आणि बारा क्रेटवाली कुणालाच नको. आमच्याकडे यावरून खरंच भांडण झालं, दोघे जण आठवडाभर बोलत नव्हते. फेऱ्या यादीच्या क्रमाने मिळतील, निवडायला मिळणार नाहीत, असं ठरवल्यावर शांत झालं.

नवीन येणाऱ्यांनी पिकरच्या कामाला कमी समजू नये. बीकॉम झालेले काही जण थेट ऑफिसात बसायला बघतात. माझा सल्ला, सहा महिने तरी ट्रॉली ढकला. गल्लीत फिरलेल्या माणसाला यादी कुठे खोटी बोलते ते कळतं. सोबत एक्सेलचं पिव्होट आणि व्हीलुकअप (एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणणारं सूत्र) शिका, हँडहेल्ड स्कॅनर कुठल्याही कंपनीचा असो, दोन दिवसांत हाताला बसतो. बहुतेक भरती ठेकेदारामार्फत होते. पहिल्याच महिन्यात पगाराची पावती आणि पीएफचा यूएएन नंबर मागून घ्या, लाजू नका. माझ्या एका मित्राने दोन वर्षांनी विचारलं, तेव्हा त्याच्या नावावर काहीच जमा नव्हतं.

आणि ट्रॉली बनवताना पैसे वाचवायचे असतील तर पत्र्यात वाचवा, चाकांत नको. आमची पहिली चाकं स्वस्त प्लास्टिकची होती. भरल्या ट्रॉलीला तीन आठवड्यांत त्यांना सपाट डाग पडले, ट्रॉली एका बाजूला ओढायला लागली आणि संध्याकाळी पोरांचे खांदे दुखायला लागले. मग पॉलियुरेथेनची घेतली, मागची दोन सरळ, पुढची दोन फिरती, त्यातल्या एकाला ब्रेक. चारही फिरती घेतली तर ट्रॉली वळते छान, पण सरळ चालत नाही.