अमेरिकेत राज्याचा इन्शुरन्स कायदा बदलतो आणि आपल्याला कळतच नाही: या चुका टाळा

आईबाबा पुण्याहून पाच महिन्यांसाठी आमच्याकडे मिशिगनला येणार होते, म्हणून मी कारची पॉलिसी काढून पहिल्यांदाच नीट वाचायला बसलो. तोपर्यंत मी सगळ्यांना एकच सांगत आलो होतो की मिशिगनमध्ये नो-फॉल्ट आहे, चूक कुणाचीही असो, गाडीत बसलेल्या माणसाला लागलं तर हॉस्पिटलचं बिल कारचा इन्शुरन्स भरतो, बिनधास्त राहा. हे एकेकाळी खरं होतं. पण २०१९ मध्ये इथल्या विधिमंडळाने तो कायदा बदलला आणि त्यात एक ओळ अशी आली की जो माणूस मिशिगनचा रहिवासी नाही, आणि ज्याच्या स्वतःच्या नावावर इथे रजिस्टर झालेली, इन्शुरन्स असलेली गाडीही नाही, त्याला पीआयपी मिळणार नाही. पीआयपी म्हणजे कार इन्शुरन्समधला उपचाराच्या खर्चाचा भाग. म्हणजे माझ्याच गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या आईला लागलं असतं तर माझ्या पॉलिसीच्या पीआयपीतून तिच्या हॉस्पिटलचा एक डॉलरही मिळाला नसता. ते वाचून माझ्या पोटात गोळाच आला, आणि ज्यांना ज्यांना मी आधी सांगितलं होतं त्या सगळ्यांना फोन केले. त्यातल्या तिघांचे आईवडील तेव्हा इथेच होते.

हे लिहितोय ते त्यासाठीच.

भारतातून आलेल्या आपल्या लोकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. तिकडे इन्शुरन्सवर देखरेख ठेवणारी आयआरडीएआय ही एकच संस्था, नियम कोल्हापूरला तोच आणि कोलकात्याला तोच. अमेरिकेत १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने इन्शुरन्सवर नियंत्रण ठेवायचं काम मुख्यतः राज्यांकडे राहिलं, त्यामुळे प्रत्येक राज्याचं इन्शुरन्स खातं वेगळं, कमिशनर वेगळा, कॅलिफोर्नियात तर तो मतदानाने निवडून येतो. विधिमंडळ कायदा करतं, खातं त्याचे नियम काढतं, मग कोर्ट त्याचा अर्थ लावतं, आणि या तिन्ही ठिकाणी काय चाललंय ते आपल्याला कुणी घरी येऊन सांगत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टेक्ससचा मित्र न्यू जर्सीच्या मैत्रिणीला सल्ला देतो तेव्हा दोघांचा हेतू चांगला असला तरी सल्ला चुकीचा असू शकतो. ग्रुपवर प्रश्न विचारताना राज्याचं नाव आधी लिहा, आणि उत्तर देणाऱ्याला पहिलं हेच विचारा की तू कुठल्या राज्यातलं सांगतोयस.

आईवडील येणार असतील तर

मिशिगनवाल्यांनी फक्त कारच्या पॉलिसीवर अवलंबून राहू नका. व्हिजिटर इन्शुरन्स घेताना स्वस्त दिसतो म्हणून फिक्स्ड बेनिफिटवाला प्लॅन घेतला जातो, त्यात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते आणि उरलेलं बिल आपल्या अंगावर येतं, इथल्या आयसीयूच्या बिलापुढे ती रक्कम काहीच नसते. कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन बघा, आणि त्यात मोटार अपघात वगळलेला नाही ना ते एक्स्क्लूजनच्या, म्हणजे काय काय कव्हर नाही त्याच्या, पानावर स्वतः वाचा. एजंटला ईमेलवर, म्हणजे लेखी, विचारा की माझे आईवडील टुरिस्ट व्हिसावर आहेत, माझ्या गाडीत बसले असताना अपघात झाला तर कुठल्या कव्हरेजमधून काय मिळेल. फोनवर मिळालेलं "हो हो, कव्हर्ड आहे" हे उत्तर नंतर कामाला येत नाही. दुसऱ्या ड्रायव्हरची चूक असेल तर त्याच्यावर दावा करता येतो हे खरं, पण त्याला वेळ लागतो आणि हॉस्पिटल तेवढं थांबत नाही.

मिशिगनमध्येच होणारी दुसरी मोठी चूक

जुलै २०२० पासून इथे पीआयपीची लिमिट आपण निवडायची असते: अनलिमिटेड, पाच लाख डॉलर, अडीच लाख डॉलर, आणि मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स, असेल तर पन्नास हजार. अडीच लाखाच्या पर्यायात आणखी एक सूट आहे, तुमचा हेल्थ इन्शुरन्स कायद्याच्या अटीत बसत असेल तर उपचाराचा भाग काढूनच टाकता येतो आणि प्रीमियम चांगला उतरतो. लोक हेल्थ इन्शुरन्स आहे म्हणून टिक करून मोकळे होतात. अट अशी आहे की त्या हेल्थ प्लॅनने मोटार अपघाताच्या जखमा वगळलेल्या नसाव्यात आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत असावं. बऱ्याच कंपन्यांचे प्लॅन मोटार अपघात स्पष्टपणे वगळतात, म्हणून एचआरकडून तसं पत्र आधी घ्या, टिक नंतर करा.

आणि हे आयटीवाल्यांनी खास लक्षात ठेवा. ले-ऑफ झाला, हेल्थ इन्शुरन्स गेला, की ही सूटही जाते. त्यानंतर ३० दिवसांच्या आत कारच्या पॉलिसीत पीआयपी परत घ्यावा लागतो. त्या दिवसांत माणूस रिझ्युमे, व्हिसा, मुलांची शाळा यातच बुडालेला असतो, कारची पॉलिसी कुणाला आठवते, पण नेमका त्याच काळात अपघात झाला तर सगळं घर अडचणीत येतं. नोकरी जाण्याची कुणकुण लागली की कॅलेंडरवर ही तारीखही टाका, नोकरी गेल्यावर एच-वन-बी व्हिसावर मिळणाऱ्या ६० दिवसांच्या शेजारीच.

कोर्टाच्या निकालाबद्दलही इथे खूप गैरसमज झाला. जुलै २०२३ मध्ये मिशिगन सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नव्या कायद्याने इन्शुरन्सकडून उपचारासाठी मिळणाऱ्या दरांत केलेली कपात ११ जून २०१९ च्या आधी जखमी झालेल्यांना लागू नाही. बातमी फिरली ती "जुना कायदा परत आला" अशी. परत आलेला नाही. तो निकाल ज्यांचा अपघात आणि पॉलिसी जुनी आहे त्यांच्यासाठी होता, आणि त्यांच्यासाठी तो फार मोठा दिलासा होता, कारण घरी चोवीस तास नर्स लागणाऱ्या कित्येकांची सेवाच दर कापल्यामुळे बंद पडली होती. पण तुमचा अपघात आज झाला तर तुम्हाला नवाच कायदा लागतो. निकालाची बातमी आली की पहिला प्रश्न हा असावा: हे कुठल्या तारखेच्या अपघाताला आणि कुठल्या तारखेच्या पॉलिसीला लागू आहे?

"मिनिमम आहे ना, मग झालं"

गेल्या काही वर्षांत बऱ्याच राज्यांनी कारच्या लायबिलिटीची, म्हणजे आपल्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या कव्हरची, किमान मर्यादा वाढवली. कॅलिफोर्नियात कित्येक दशकं एका जखमी माणसामागे १५ हजार, एका अपघातामागे ३० हजार आणि समोरच्याच्या मालमत्तेसाठी ५ हजार डॉलर एवढंच होतं, १ जानेवारी २०२५ पासून ते ३०, ६० आणि १५ हजार झालं. व्हर्जिनियात त्याच तारखेपासून ५०, १०० आणि २५ हजार. नॉर्थ कॅरोलिनात १ जुलै २०२५ पासून ५०, १०० आणि ५० हजार. न्यू जर्सीत स्टँडर्ड पॉलिसीला आधी २०२३ मध्ये आणि मग १ जानेवारी २०२६ पासून वाढ झाली, आता ३५, ७० आणि २५ हजार. व्हर्जिनियात तर पूर्वी ५०० डॉलर फी भरून बिनइन्शुरन्सची गाडी चालवता यायची, ती सोय १ जुलै २०२४ पासून बंद झाली, तरी जुनी माणसं नव्या मुलांना अजून ती सांगतात.

चूक दोन प्रकारची होते. एक म्हणजे रिन्यूअलला प्रीमियम वाढला की कंपनीने लुटलं असं समजून घाईत दुसरीकडे जायचं, आणि तिथे प्रीमियम कमी व्हावा म्हणून अनइन्शुअर्ड मोटरिस्टसारखं (ठोकणाऱ्याकडे इन्शुरन्सच नसेल तर कामाला येणारं) गरजेचं कव्हरेज काढून टाकायचं. वाढ कशामुळे झाली ते आधी डिक्लरेशन पेज, म्हणजे पॉलिसीतलं कव्हरेज आणि रकमांचं पान, जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघा. दुसरी म्हणजे मिनिममलाच पुरेसं समजायचं. आजकाल एखादी साधी एसयूव्ही ठोकली तरी १५ हजार कधी संपतात कळत नाही. घर, बचत, मुलांच्या कॉलेजचे पैसे असतील तर माझं स्पष्ट मत आहे की मिनिममवर गाडी चालवू नका.

फ्लोरिडा: इथे तारखा जीव घेतात

टँपा, ओरलँडोकडे आपली बरीच मंडळी घरं घेऊन राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे विशेष अधिवेशनात घराच्या इन्शुरन्सचा कायदा एकदम बदलला. पूर्वी नुकसानीचा क्लेम कळवायला दोन वर्षं होती, आता एक. त्याच क्लेममध्ये नंतर सापडलेलं नुकसान जोडायला, म्हणजे सप्लिमेंटल क्लेमला, दीड वर्ष. चक्रीवादळात ही मुदत वादळ जमिनीवर आलं त्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला गळती दिसली त्या दिवसापासून नाही. मिल्टन चक्रीवादळ ९ ऑक्टोबर २०२४ ला आलं, म्हणजे नवा क्लेम कळवायची मुदत २०२५ च्या ऑक्टोबरातच संपली. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने छतावरचा डाग पुढच्या पावसाळ्यात बघू म्हणून ठेवला होता, बघितला तेव्हा मुदत उलटून गेली होती. वादळ गेलं की आठवड्याभरात छतावर माणूस चढवा, फोटो काढा आणि नुकसान छोटं वाटलं तरी कळवून ठेवा.

दुसरं, दारात येणारे छपराचे कॉन्ट्रॅक्टर. "इथे सही करा, इन्शुरन्सचं आम्ही बघतो" असं म्हणून ते क्लेमचे हक्क स्वतःच्या नावावर करून घ्यायचे. १ जानेवारी २०२३ पासून निघालेल्या पॉलिसीवर असं हक्क देणं चालतच नाही. तरी कुणी कागद पुढे केलाच तर सही करू नका. कंपनीविरुद्ध कोर्टात जिंकलात तर वकिलाची फी कंपनीने द्यायची, ही सोयही नव्या पॉलिसींना गेली, म्हणजे आता केस करताना वकिलाचा खर्च तुमच्या हिशोबात धरावा लागतो. आणि मार्च २०२३ पासून निष्काळजीपणाच्या दाव्याची मुदत चारवरून दोन वर्षांवर आली, वर तुमची चूक ५० टक्क्यांपेक्षा जास्त ठरली तर काहीच मिळत नाही. अपघातानंतर तिथल्या पोलिसांसमोर भिडेखातर "सॉरी, माझीच चूक" म्हणायची आपली सवय असते ना, ती इथे महागात पडू शकते. काय घडलं तेवढं खरं सांगा, चूक कुणाची ते ठरवायला दुसरे आहेत.

पुराचं पाणी घराच्या साध्या पॉलिसीत नसतं हे तर माहीत असेलच. पण राज्याच्या सिटिझन्स कंपनीकडे वाऱ्याच्या कव्हरसकट पॉलिसी असेल तर फ्लड इन्शुरन्स टप्प्याटप्प्याने सक्तीचा होतोय, आधी महाग घरांना, मग स्वस्त घरांना, पुराच्या पट्ट्यात राहत नसलात तरी. रिन्यूअलचं पत्र उघडून वाचा.

कॅलिफोर्नियातलं नॉन-रिन्यूअलचं पत्र

वणव्याच्या भागात हे पत्र आलं की लोक घाबरून त्याच दिवशी फेअर प्लॅन, म्हणजे दुसरीकडे इन्शुरन्स मिळत नसेल तर घ्यायचा शेवटचा पर्याय, घेतात. थांबा जरा. कंपनीने साधारण ७५ दिवस आधी कळवायचं असतं. आणि राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केलेल्या वणव्याच्या हद्दीत किंवा लगतच्या झिप कोडमध्ये तुमचं घर असेल तर वणव्याचा धोका हे कारण देऊन एक वर्ष पॉलिसी बंद करता येत नाही, मग तुमच्या घराला धग लागलेली असो वा नसो. इन्शुरन्स खात्याच्या साइटवर झिप कोड टाकून बघा.

राज्याने कायदा केला, मग मला का मिळत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुतेक आयव्हीएफबद्दल. राज्याने कव्हरेज सक्तीचं केल्याची बातमी येते, जोडपं आनंदाने क्लिनिकला जातं आणि क्लेम नाकारला जातो, ते बघून खरंच वाईट वाटतं. कारण असं की मोठ्या कंपन्यांचे बरेच हेल्थ प्लॅन सेल्फ-फंडेड असतात, पैसे एम्प्लॉयर भरतो, कार्डावर नाव असलेली इन्शुरन्स कंपनी फक्त कारभार बघते. अशा प्लॅनला १९७४ चा एरिसा हा केंद्राचा कायदा लागतो, राज्याची सक्ती लागत नाही. एचआरला एका ओळीत विचारा: आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड, म्हणजे क्लेमचे पैसे इन्शुरन्स कंपनी भरते असा? ते उत्तर उपचार ठरवायच्या आधी हातात असू द्या.

तक्रारीचा पत्ताही त्यावरूनच ठरतो. फुली इन्शुअर्ड प्लॅन, कार आणि घर यांची तक्रार राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे, मिशिगनमध्ये डिफ्स, न्यू जर्सीत डोबी. फ्लोरिडात ग्राहकांच्या तक्रारी फायनान्शियल सर्व्हिसेस खातं घेतं, प्रीमियमचे दर बघणारं ऑफिस वेगळं. सेल्फ-फंडेड असेल तर केंद्राच्या लेबर डिपार्टमेंटकडे जायचं. तक्रार फुकट असते आणि वकील लागत नाही. नकाराचं पत्र, त्यात दिलेलं पॉलिसीचं कलम, क्लेम नंबर आणि तारखांची यादी जोडा, भावना कमी आणि तारखा जास्त लिहा. अपीलची मुदत नकाराच्या पत्रातच दिलेली असते, पत्र हातात आलं की पेन घेऊन आधी तीच गोल करा.

घर बदललं तर कारच्या पॉलिसीवरचा पत्ताही लगेच बदला, राज्य बदललं असेल तर पॉलिसीच नवीन लागते. न्यू जर्सीहून मिशिगनला आलो तेव्हा मी हे दोन महिने लांबवलं होतं, सुदैवाने काही झालं नाही. आईबाबा आता परत येणार आहेत दिवाळीनंतर, आणि यावेळी त्यांच्या तिकिटाच्या आधी व्हिजिटर इन्शुरन्सची एक्स्क्लूजनची पानं प्रिंट करून फ्रीजवर लावलीत.