आर्द्रा लागायच्या आत खुराड्यातलं तूस बदला

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की पंधरा-वीस दिवसांत तीच तक्रार सुरू होते. पिलं कोपऱ्यात पंख पाडून उभी, तोंडावरची लाली गेलेली, खाली लालसर-चॉकलेटी हगवण, आणि सकाळी डालं उचललं की दोन आडवी. लोक म्हणतात, साथ आली. बहुतेक वेळा साथबीथ काही नसते, खुराड्यातलं तूस ओलं झालेलं असतं. आर्द्रा नक्षत्र २२ जूनच्या आसपास लागतं. त्याआधी एक कोरडी दुपार काढा आणि हे काम उरका. खालचं बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

रोग रक्ती हगवणीचा, डॉक्टर त्याला कॉक्सिडिओसिस म्हणतात. त्याचा जंतू, आयमेरिया, मोठ्या कोंबड्यांच्या विष्ठेतून जवळपास प्रत्येक परसात पडत असतो. ताज्या विष्ठेतलं त्याचं बीज कच्चं असतं, त्याने काही बिघडत नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकतं आणि मग पिलाच्या पोटात गेलं की पाच-सहा दिवसांनी रक्त दिसतं. ऊब आणि हवा तुम्ही थांबवू शकत नाही. ओल थांबवू शकता. ३ ते ८ आठवड्यांच्या पिलांना याचा सगळ्यात जास्त फटका बसतो. मोठी कोंबडी थोडंथोडं टिपून त्याला सरावलेली असते, ती धडधाकट दिसते आणि बीज पेरत फिरते. म्हणून पावसाळ्यात पिलांना मोठ्यांच्या खुराड्यात कोंबू नका, डालं वेगळं ठेवा.

फिनेल शिंपडून हे बीज मरत नाही. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक जंतुनाशकांना ते दाद देत नाही. उकळतं पाणी, कडक ऊन आणि कोरडेपणा, यांना ते हरतं. फरशीवर उकळतं पाणी ओतलंत तर ती पूर्ण वाळल्याशिवाय नवं तूस पसरू नका, नाहीतर केलेलं सगळं उलटं व्हायचं.

तूस ओलं आहे का, हे मुठीने कळतं. मूठभर घेऊन घट्ट दाबा. मूठ उघडताच भुरभुरून सांडलं तर ठीक. लाडू वळला आणि बोट लावल्यावर फुटला तर आजच उकरून हवा द्या. लाडू तसाच राहिला, तळव्याला ओल लागली, तर ते तूस बाहेर. ही परीक्षा पाण्याच्या भांड्याशेजारी आणि मागच्या भिंतीच्या कडेला करायची. दारातलं तूस वाऱ्याने कोरडंच असतं आणि तेच बघून माणूस फसतो. दुसरी परीक्षा नाकाची. उकिडवे बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीवर न्या. विष्ठेच्या उग्र वासाने डोळे चुरचुरले तर कोंबडी रात्रभर तोच वास हुंगते आहे. उभ्याने वास येत नाही, खाली येतो.

ओल छपरातून येते असं सगळ्यांना वाटतं. तिथूनही येते, पण जास्त येते ती पाण्याच्या भांड्यातून. भांडं जमिनीवर असलं की कोंबड्या त्यात पाय घालतात, उकरतात, लवंडतात. खाली विटा देऊन त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा. विटा खडी भरलेल्या जुन्या घमेल्यात ठेवा, म्हणजे सांडलेलं पाणी तुसात जाणार नाही. पागोळ्या दारात पडत असतील तर पत्रा फूटभर पुढे काढा. झडीच्या बाजूला खताच्या गोणीचा पडदा चालतो, पण वरचं फूटभर उघडं ठेवा. पावसाला भिऊन चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळणारे पुष्कळ आहेत. कोंडलेल्या श्वासानेच आतलं तूस पहाटेपर्यंत दमट होतं. शेणाने सारवलेली जमीन उन्हाळ्यात छान, पण पावसाळ्यात ती ओल धरते, तेव्हा सारवण दिवाळीपर्यंत बंद. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर खुराडं दीड-दोन फूट उंच घेऊन तळाला बांबूच्या कांबी ठोकाव्यात, मधे बोटभर फट. विष्ठा खाली पडते आणि तुसाची कटकटच राहत नाही. पिलांचे पाय मात्र त्या फटीत अडकतात, त्यांना बारीक जाळी अंथरा.

गादी ३ ते ४ इंच. भाताचं तूस सगळ्यात बरं. ते मिळत नाही तिथे रंध्याच्या ढलप्या चालतील. बारीक भुसा नको, पिलं तो खातात. शेंगांची टरफलं लवकर बुरशी धरतात, पावसाळ्यात टाळा. उकरल्यावर विझवलेला चुना पीठ भुरभुरावं तसा पातळ टाका. कळीचा चुना टाकला तर पाय भाजतात. आणि चुना बीज मारत नाही, फक्त तूस सुकवतो, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवा.

काढलेल्या ओल्या तुसाचा ढीग खुराड्यामागेच लावायची सवय सोडा. कोंबड्या दिवसभर तोच उकरत बसतात. लांब ढीग लावा, वर प्लास्टिक, कडेने दगड. आत तापून चांगलं खत होतं.

रक्त दिसलंच तर औषध अँप्रोलियम. पाकिटावर २० टक्के लिहिलं आहे ना, ते आधी बघा. ५ लिटर पाण्याला ६ ग्रॅम, सलग ५ दिवस. पुढे आठवडाभर ५ लिटरला दीड ग्रॅम. चमच्याने अंदाज घेऊ नका, सोनाराकडून किंवा किराणा दुकानातून तोलून पुड्या बांधून आणा. पाणी रोज नवं. आजारी पिलू खाणं सोडतं, पण पाणी पितं, म्हणून औषध पाण्यातून. आता खरी गोम: या दिवसांत पिलं अंगणात सोडलीत तर ती डबक्यातलं पाणी पितात आणि औषधाचं भांडं तसंच भरलेलं राहतं. मग लोक म्हणतात, औषध लागू पडलं नाही. पाच दिवस कोंडून ठेवा, अर्थात कोरड्या तुसावर. अंड्यावरच्या कोंबड्यांना द्यायची वेळ आली तर पाकिटावरची मुदत बघा, तोवर अंडी खायची-विकायची नाहीत.

या औषधासोबत दुकानदार हमखास बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक पुढे करतो. घेऊ नका. अँप्रोलियम त्या जंतूला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, तेच त्याचं काम. तुम्ही बाटलीतून बी-१ ओतलंत की औषधाचा जोर गेला. दोन्हीचे पैसे गेले. लिव्हर टॉनिक, प्रतिकारशक्तीची पावडर यांचाही दहा-वीस कोंबड्यांच्या घराला उपयोग नाही. तेवढ्या पैशांत दोन पोती तूस येतं. बहुतेक अँटिबायोटिकं या जंतूला मारत नाहीत. कोलिस्टिन तर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना-पक्ष्यांना द्यायला २०१९ पासून देशात बंदी आहे, कुणी जुना साठा खपवत असेल तर हात लावू नका.

आजारी पक्ष्याची शुश्रूषा अशी. वेगळं डालं, खाली कोरडं गोणपाट, वर दीड फुटावर ६० वॉटचा बल्ब. बल्बखाली एका बाजूलाच ऊब हवी, नको वाटलं तर त्याला सरकता आलं पाहिजे. माणसांचा ओआरएस १ लिटर पाण्यात, अर्धा दिवस पुरेल एवढाच. पाजताना चोच उघडून ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ओतलेलं पाणी सरळ छातीत उतरतं. ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब लावा, ते स्वतः गिळतं. तांदळाच्या कण्यांची पेज, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक. औषध संपल्यावर शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून. याचा गुण कोणत्या पत्रकात छापलेला नाही, पण पिलं लवकर उभारी धरतात. हळद-लसूण द्यायचं तर द्या, नुकसान नाही. मात्र त्याच्या भरवशावर दोन दिवस घालवू नका.

हगवण हिरवट-पांढरी, तोंड उघडून श्वास, मान वाकडी, पाय लुळे, असं असेल तर ती मानमोडी म्हणजे राणीखेत. तिला औषध नाही, फक्त लस, तीही निरोगी असतानाच.

लसी:
– ५ ते ७ दिवस: लासोटा (राणीखेतची लस), डोळ्यात एक थेंब
– १४ दिवसांच्या सुमारास: गंबोरो रोगाची लस
– २८ दिवस: लासोटा पुन्हा
– ६ ते ७ आठवडे: कोंबड्यांच्या देवी रोगाची लस
– ८ आठवडे: आर-टू-बी (हीही राणीखेतचीच), अर्धा मिली, कातडीखाली
– कुपी बर्फाच्या थर्मासमधून आणायची, कालवल्यावर दोन तासांत संपवायची. ती शंभर मात्रांची किंवा मोठी असते, तेव्हा वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून घ्या

रोजचं:
– सोडण्याआधी रात्रीची विष्ठा बघणं
– भांडं घासून नवं पाणी, दहा मोठ्या कोंबड्यांना दोन-अडीच लिटर
– तूस उकरणं, ओला भाग तेवढा काढून टाकणं
– बाहेर चरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी ४०-५० ग्रॅम दाणे
– कोंडताना मोजणी. गळ्याखालची पिशवी चाचपून बघणं, संध्याकाळी ती रिकामी लागली तर ती कोंबडी उद्या आजारी दिसणार
– आठवड्याला कोंबड्या बसतात त्या दांड्याखाली पिसवा बघणं, तीन महिन्यांनी जंताचं औषध डॉक्टरांना विचारून

दाण्यालाही ओलीचाच धोका. मका दाताखाली कडक वाजला पाहिजे. काळी-हिरवी बुरशी दिसली तर धुऊन-वाळवून घालू नका, विष जात नाही. पोतं फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त भरून ठेवू नका.

एकाच दिवशी भराभर मोठ्या कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले, तर घरगुती काहीही करत बसू नका. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ मध्ये आपल्याच नवापुरात. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जनावरांच्या मदतीच्या १९६२ या फोन नंबरवर कळवा, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने धरू नका, मुलांना लांब ठेवा, आणि कापून विकून मोकळं व्हायचा मोह आवरा. इतर वेळी एखाद-दुसरी मेली तर ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. तीन फूट खड्डा, वर चुना, माती आणि मोठे दगड, नाहीतर कुत्री रात्रीतच उकरून बाहेर काढतात.