कॅला लिली फुलदाणीत जास्त दिवस कशी टिकवायची

कॅला घेतानाच नीट बघून घ्या, एकदम घट्ट गुंडाळलेली हिरवट कळी नको, कापल्यावर ती पुढे फारशी उमलत नाही, आणि मधल्या पिवळ्या दांड्यावरून पराग गळत असेल तर फूल जुनं झालंय समजा. घरी आल्यावर धारदार सुरीने देठ इंचभर कापायचा, बोथट कात्रीने नको कारण देठ आतून स्पंजसारखा असतो, लगेच चेंगरतो.

आता मेन गोष्ट म्हणजे पाणी. गुलाबासारखी फुलदाणी गळ्यापर्यंत भरू नका!! दोन-तीन इंच बास झालं, जास्त बुडाला की देठ बुळबुळीत होऊन सडतो आणि मग जो वास सुटतो ना... पाणी दिवसाआड बदला, फुलदाणी पण आतून घासा. देठाचं टोक चिरून बाहेर वळायला लागलं तर तेवढं कापून टाका आणि जरा वर सेलोटेपचा एक वेढा द्या.

ऊन, पंखा आणि पिकलेली केळी यांच्यापासून लांब ठेवा. फुलाला सारखा हात लावू नका, तपकिरी डाग पडतात. घरात मांजर असेल तर मात्र ही फुलं आणूच नका असं माझं मत, यात कॅल्शियम ऑक्झलेट असतं, चावलं की तोंडाची आग होते.