क्लायंट ढिम्म, वर्कर मात्र ठणठणीत

क्लस्टरमधला (एकत्र काम करणाऱ्या यंत्रांच्या गटातला) एखादा वर्कर, म्हणजे काम करून देणारा प्रोग्रॅम, मधेच बंद पडला की त्याच्याकडे काम मागणारा आमचा क्लायंटही गोठून बसायचा. वर्कर पुन्हा सुरू केला तरी हा ढिम्म. लॉग कोरा, सीपीयू शांत, नेटवर्कही व्यवस्थित.

गोम झीरोएमक्यू या प्रोग्रॅमांमध्ये मेसेज पोचवणाऱ्या लायब्ररीच्या सॉकेटमध्ये, म्हणजे मेसेज पाठवायच्या-घ्यायच्या टोकात, होती. क्लायंट क्लास 'रेक' (रिक्वेस्ट) सॉकेट वापरत होता आणि त्याचा नियम कडक: एक विनंती पाठवा, उत्तर घ्या, मगच पुढची. उत्तर हरवलं की तो वाट पाहतच राहतो. टाइमआउट लावून बाहेर पडलात आणि पुन्हा पाठवायला गेलात तर 'ईएफएसएम' एरर, म्हणजे 'आत्ता पाठवता येणार नाही'. अशा वेळी सॉकेट बंद करून नवा उघडला तरी भागतं. छोट्या प्रोग्रॅमला मी तेच सुचवेन. जुन्या सॉकेटचा 'लिंगर' (बंद होताना उरलेल्या मेसेजसाठी थांबायचा वेळ) तेवढा 0 करा, नाहीतर न गेलेल्या मेसेजपायी प्रोग्रॅम बंदच होत नाही.

मला एका वेळी अनेक विनंत्या सोडायच्या होत्या, म्हणून उत्तराची वाट न पाहता पाठवू देणारा 'डीलर' सॉकेट घेतला. प्रत्येक विनंतीला क्रमांक दिला. उशिरा आलेलं उत्तर क्रमांक पाहून टाकून देता येतं. समोर उत्तर देणारा 'रेप' (रिप्लाय) सॉकेट असेल तर मेसेजच्या आधी एक रिकामी फ्रेम (मेसेजचा तुकडा) पाठवावी लागते. ती विसरलात तर 'रेप' मेसेज गुपचूप फेकून देतो. (या लायब्ररीचा हा अबोलपणा मला अजिबात आवडत नाही.)

पत्ता पाहून मेसेज पाठवणारा 'राउटर' सॉकेटही तसाच: ओळख नसलेल्या पत्त्यावर पाठवायचा मेसेज न सांगता गाळतो. त्याला 'राउटर मँडेटरी' पर्याय लावला, आता निदान एरर तरी येते.