घरी मॉर्फिन चालू असेल तर एवढं बघा
कॅन्सरच्या पेशंटला तोच डोस कमी पडायला लागला की लगेच 'व्यसन लागलं' म्हणून घाबरू नका, सतत औषध मिळालं की पेशीवरच्या म्यू रिसेप्टरला (मॉर्फिन जिथे बसून काम करतं ती जागा) फॉस्फेट चिकटतं, मग बीटा-अरेस्टिन नावाचं प्रोटीन येऊन बसतं आणि काही रिसेप्टर चक्क आत ओढले जातात, म्हणून तेवढ्याच डोसचा परिणाम कमी होतो. अर्थात दुखणंच वाढलेलं असू शकतं, डॉक्टरांना सांगा, स्वतः गोळी वाढवू नका. पेशीच्या आत सीएएमपी (निरोप पोचवणारा रेणू) बनवणारं एन्झाइमपण मॉर्फिनच्या दाबाविरुद्ध जोर लावून बसलेलं असतं, म्हणून अचानक बंद केलं की घाम, जुलाब, तळमळ सुरू, बंद हळूहळूच करायचं. बद्धकोष्ठ मात्र सवयीने जात नाही, पोट साफ व्हायचं औषध चालूच ठेवा. मध्ये गॅप पडला तर जुना डोस परस्पर देऊ नका, सवय मोडलेली असते, श्वास थांबू शकतो.