पडून राहिलेल्या सुऱ्या: भाव उतरवण्याआधी

हाताने घडवलेली सुरी भाजीसारखी शिळी होत नाही. वर्षभर खपली नाही एवढ्यावरून किंमत पाडू नका. गेल्याच महिन्यात तीच सुरी पूर्ण पैसे मोजून नेलेलं गिऱ्हाईक दुखावतं, आणि नवं गिऱ्हाईक सेलची वाट बघत बसतं.

आधी माल उजेडात तपासा. मुंबईच्या पावसाळ्यात कार्बन स्टीलचं पातं म्यानात राहिलं, की चामडं ओल धरतं आणि पात्यावर डाग उठतात. डागावरून नख फिरवा. अडकलं नाही तर गंज वरवरचा आहे. 1000 नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून मूळ रेघांच्याच दिशेने घासा, आडवं घासलं तर ओरखडे दिसतात. नख अडकलं तर खड्डा पडलाय, आणि तो धारेवर आला तर धार तिथे तुटक लागते. मुठीच्या सांध्यावरूनही बोट फिरवा. लाकूड आक्रसलं असेल तर स्टीलची कड बोचते. ती घासून सपाट करा, लाकडाला जवसाचं तेल द्या. यापुढे म्यान वेगळं ठेवा.

पातं स्वच्छ झालं की नवी धार लावून पूर्ण भावानेच विका. घासाघीस झालीच तर वर्षभर मोफत धार लावून द्या.

सूट द्यायची ती खड्डा राहिलेल्या किंवा सुरुवातीच्या कच्च्या कामाला: एकदाच, 20 टक्क्यांच्या आसपास, कारण चिठ्ठीवर लिहून. मूठ हलत असेल किंवा पात्याला चीर असेल, तर ती सुरी सवलतीतही विकू नका.