1927 ची आयरिश निवडणूक: हिशेब जुळत नसेल तर या चुका टाळा

सभागृह 153 जणांचं. बहुमताला 77 हवेत. सरकारी पक्षाचे निवडून आले 47. तरीही 23 जून 1927 रोजी डब्लिनमध्ये नवं सभागृह भरलं आणि डब्ल्यू. टी. कॉसग्रेव्ह पुन्हा सरकारचा प्रमुख झाला. रीतसर युती झालेली नव्हती, कुणाचा पक्षही फुटलेला नव्हता. मी पहिल्यांदा या निवडणुकीची टिपणं काढली तेव्हा इथेच अडकलो. शेवटी समासात 'त्रिशंकू, अल्पमतातलं सरकार' असं लिहून पुढे गेलो आणि सुटल्यासारखं वाटलं. पुढे दुसऱ्यांची टिपणं तपासायची वेळ आली, तेव्हा तीच ओळ पुन्हा पुन्हा भेटायला लागली. म्हणून हा लेख.

जिंकले किती ते पाहिलं, बसले किती ते नाही

सगळ्या घोळाचं मूळ हे आहे. जागांचा तक्ता आपण विधानसभेच्या सवयीने वाचतो: निकाल लागला, शपथविधी झाला, आमदार आत. आयरिश फ्री स्टेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात राहूनच स्वायत्त झालेल्या आयर्लंडमध्ये, शपथ हाच तर भांडणाचा मुद्दा होता. ब्रिटनशी झालेल्या 1921 च्या करारातून आलेली आणि 1922 च्या राज्यघटनेच्या 17 व्या कलमात बसवलेली ही शपथ घेताना सदस्याला पाचव्या जॉर्ज राजाशी निष्ठेचं वचन द्यावं लागे. करार ज्यांना मान्य नव्हता ते निवडणूक लढवत, जिंकत आणि सभागृहाकडे पाठ फिरवत.

जूनचा निकाल या नजरेने वाचा. कॉसग्रेव्हचा पक्ष 47, करारविरोधी नेता डी व्हॅलेराचा फीअना फॉल 44, मजूर पक्ष 22, शेतकरी पक्ष 11, नॅशनल लीग 8, शिन फेन 5 आणि उरलेले 16 अपक्ष. यातले शपथ नाकारणारे फीअना फॉलचे 44 आणि शिन फेनचे 5 असे 49 बाहेर. राहिले 104, म्हणजे बहुमताचा आकडा 77 वरून थेट 53 वर येतो. 47 जणांच्या पक्षाला शेतकरी आणि काही अपक्षांचा हात मिळाला की काम भागतं.

23 जूनला डी व्हॅलेरा आपली माणसं घेऊन सभागृहाच्या इमारतीवर, लेन्स्टर हाउसवर, गेला होता. शपथेशिवाय आत सोडणार नाही, असं सांगून त्यांच्यासमोर दार बंद करण्यात आलं. गंमत अशी की कॉसग्रेव्हचं सरकार त्या बंद दारामुळेच टिकून होतं. दार उघडलं की हिशेब बदलणार होता आणि सात आठवड्यांत तो बदललाच.

तेव्हा या काळातला कुठलाही आकडा उतरवताना शेजारी एक रकाना जास्त आखा: 'प्रत्यक्ष बसले'. सप्टेंबरच्या तक्त्यातही तो कामाला येईल. तेव्हा कामगार नेता जिम लार्किन उत्तर डब्लिनमधून निवडून आला, पण तो दिवाळखोर ठरलेला असल्याने त्याला जागेवर बसता आलं नाही. कारण वेगळं असलं तरी वजाबाकी तीच.

'1927 ची निवडणूक' असं नुसतं लिहू नका

त्या वर्षी निवडणुका दोन झाल्या, 9 जूनला आणि 15 सप्टेंबरला. महिना न लिहिल्याने जूनच्या जागा आणि सप्टेंबरची मतं एकाच परिच्छेदात नांदताना मी पाहिली आहेत. सप्टेंबरात कॉसग्रेव्हचा पक्ष 62 वर गेला, फीअना फॉल 57 वर. मजूर पक्ष 22 वरून 13 वर, शेतकरी 11 वरून 6 वर आणि नॅशनल लीग 8 वरून 2 वर घसरला. शिन फेन रिंगणात उतरलाच नाही. 'सप्टेंबरात डी व्हॅलेरा हरला' हे वाक्य दिसलं की खोडा. त्याच्या जागा 13 ने वाढल्या होत्या. दोन्ही मोठे पक्ष फुगले आणि मधले चिरडले गेले.

जूनमध्ये तर देशाने कुणालाच कौल दिलेला नव्हता. पहिल्या पसंतीच्या मतांत कॉसग्रेव्हच्या पक्षाला साधारण 27 टक्के, फीअना फॉलला 26. सरकारवर लोक चिडून होते. 1924 मध्ये म्हाताऱ्यांच्या पेन्शनमधून आठवड्याला एक शिलिंग कापला होता, 1925 मध्ये उत्तर आयर्लंडबरोबरची हद्द ठरवणाऱ्या सीमा आयोगाचा बार फुसका निघाला होता, आणि केव्हिन ओ'हिगिन्सने दारूच्या परवान्यांवर कात्री चालवल्यामुळे गुत्तेवालेही खवळले होते. ही नाराजी सगळी डी व्हॅलेराकडे गेली नाही, बरीचशी छोट्या पक्षांकडे वळली.

सगळं खापर एकट्या जिंक्सवर

जिंक्स नावाच्या एका सदस्यामुळे सरकार वाचलं, हा किस्सा फार चविष्ट आहे. चुकाही त्यातच जास्त होतात, म्हणून जरा थांबू.

10 जुलै 1927 चा रविवार. उपाध्यक्ष आणि न्यायमंत्री ओ'हिगिन्स चर्चला पायी निघाला होता. बूटरस्टाउन अव्हेन्यूवर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मारेकरी आयआरए या सशस्त्र करारविरोधी संघटनेचे, पण हत्या संघटनेच्या आदेशाने झालेली नव्हती आणि डी व्हॅलेरानेही तिचा निषेध केला. 'ओ'हिगिन्सच्या हत्येमुळे पुन्हा निवडणूक झाली' असं एका दमात लिहिलं जातं. मधल्या पायऱ्या गाळल्या की गोष्ट कळत नाही. हत्येनंतर सरकारने कायद्याचा असा प्रस्ताव आणला की निवडून आल्यास शपथ घेईन, हे उमेदवाराने अर्ज भरतानाच लिहून द्यायचं. म्हणजे जिंकून बाहेर बसण्याचं राजकारणच संपलं. फीअना फॉलपुढे दोन वाटा राहिल्या: आत जा, नाहीतर विसर्जित व्हा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते आत गेले. तिथलं दृश्य बघण्यासारखं आहे. टेबलावर शपथेची वही आणि बायबल. डी व्हॅलेराने बायबल उचलून लांब नेऊन ठेवलं. मी शपथ घेत नाही, आत जाण्यासाठी लागते तेवढी सही करतो, असं अधिकाऱ्याला सांगितलं आणि वहीत नाव लिहिलं. या एका सहीसाठी आयर्लंडमध्ये यादवी झाली होती, असं त्याच्या विरोधकांनी आयुष्यभर ऐकवलं. ऐकवणारच.

आता 16 ऑगस्ट. मजूर पक्षाचा नेता थॉमस जॉन्सन अविश्वासाचा ठराव मांडतो. फीअना फॉल पाठीशी, नॅशनल लीगही पाठीशी. सरकार पडलं असंच सगळे धरून चालतात. मतं मोजली तर 71 विरुद्ध 71. सभापती मायकेल हेज निर्णायक मत ठरावाविरुद्ध देतो आणि सरकार वाचतं. नॅशनल लीगचा स्लायगोचा सदस्य, तिथला माजी महापौर जॉन जिंक्स, मतदानाला जागेवरच नव्हता. तो रेल्वेगाडीत बसून घरी निघाला होता.

त्याला दारू पाजून स्टेशनवर सोडलं, ही कथा डब्लिनमध्ये लगेच पसरली आणि अजून सांगितली जाते. पहिली चूक इथे होते: ही कथा वस्तुस्थिती म्हणून लिहू नका. आपण स्वतःच्या मर्जीने उठून गेलो, असं जिंक्सचं म्हणणं होतं. लीगने फीअना फॉलच्या बाजूने जावं हे त्याला पसंत नव्हतं. दुसरी चूक त्याहून मोठी. लीगचाच व्हिन्सेंट राइस हा सदस्य त्या दिवशी उघडपणे सरकारबरोबर गेला आणि मजूर पक्षाचा टी. जे. ओ'कॉनेल देशाबाहेर होता. या तिघांपैकी एकानेही उलट केलं असतं तर निकाल फिरला असता. पण राइसची कुणी गोष्ट करत नाही, कारण त्याच्या गोष्टीत रेल्वे नाही. जिंक्सच्या नावाने शर्यतीचा घोडासुद्धा निघाला, 'मिस्टर जिंक्स', आणि 1929 मध्ये न्यूमार्केटला टू थाउजंड गिनीज जिंकून गेला.

इथेही निवडणूक लगेच लागली नाही. ओ'हिगिन्सची आणि जुलैतच वारलेल्या कॉन्स्टन्स मार्किएविचची अशा दोन जागांवर 24 ऑगस्टला पोटनिवडणुका झाल्या. मार्किएविचची जागा फीअना फॉलची होती, तरी दोन्ही सरकारने जिंकल्या. वारं आपल्या बाजूने आहे हे ओळखून कॉसग्रेव्हने दुसऱ्याच दिवशी सभागृह विसर्जित केलं. ठराव मांडणारा जॉन्सन सप्टेंबरात स्वतःची जागासुद्धा राखू शकला नाही.

प्रमाणबद्ध म्हणजे पक्षाची यादी नव्हे

'आयर्लंडमध्ये प्रमाणबद्ध प्रतिनिधित्व' हे वाचून लोक पक्षाच्या यादीची कल्पना करतात. तसं नाही. पद्धत एकल संक्रमणीय मताची. महाराष्ट्रात विधान परिषदेच्या किंवा राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार मत देतात, तेव्हा बातम्यांत 'पहिल्या पसंतीची मतं', 'कोटा', 'दुसऱ्या पसंतीवर निघाला' असं येतं. तीच ही पद्धत, फक्त मतदार आमदार नसून सगळी जनता.

समजा मतदारसंघातून 5 जण निवडायचे आहेत आणि वैध मतं 36,000. जागांत एक मिळवून भागायचं: 36,000 भागिले 6 म्हणजे 6,000, त्यात एक मिळवला की कोटा 6,001. एखाद्याला 9,001 पडली तर वरची 3,000 पुढच्या पसंतीनुसार सरकतात. तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही सरकतात. म्हणून पहिल्या फेरीत पाचवा असलेला माणूस जिंकलाच असं धरू नका. मतदारसंघही लहानमोठे होते. काहींतून 3 जण निवडून जायचे, तर गॉलवेमधून एकदम 9.

दोन पुस्तकांत एखाद-दुसऱ्या जागेचा फरक सापडला तर घाबरू नका. मतपत्रिकेवर तेव्हा पक्षाचं नावच छापत नसत, ती सोय 1963 च्या कायद्याने आली. त्यामुळे एखादा अपक्ष कुठल्या गोटात धरायचा हे लेखकागणिक बदलतं. एकूण 152 की 153, हाही घोळ होतो. मावळता सभापती बिनविरोध परत येतो, म्हणून लढत 152 जागांची. कुठला आकडा घेतला ते लिहा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

पदं, पक्ष आणि बायकांची मतं

'पंतप्रधान कॉसग्रेव्ह' चुकीचं आणि 'राष्ट्राध्यक्ष कॉसग्रेव्ह' त्याहून चुकीचं. तो कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष होता. वर राजा आणि राजाचा गव्हर्नर जनरल. 1927 मध्ये टिम हीली, त्याच्यानंतर जेम्स मॅकनील, जो आधी हिंदुस्थानात आयसीएस अधिकारी होता. टीशख, म्हणजे आयरिश पंतप्रधान, हे पद 1937 च्या घटनेतलं. कॉसग्रेव्हचा पक्ष पुढे ज्यात विलीन झाला तो फाइन गेल पक्ष 1933 मध्ये जन्मला, तो 1927 च्या तक्त्यात घुसवू नका. आयरिश बायकांना 21 व्या वर्षी मत 1928 मध्ये मिळालं असंही सर्रास लिहितात. ते ब्रिटनचं साल. फ्री स्टेटमध्ये 1923 ची निवडणूकच त्या हक्कावर झाली. शिवाय हे सगळं 26 परगण्यांचं, ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तरेतल्या सहांचा यात संबंध नाही.

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी एक: आपली मार्गदर्शक तत्त्वं ज्या आयरिश घटनेवरून आली ती 1937 ची, शपथेचा वाद ज्या घटनेत होता ती 1922 ची.

आणि उच्चार

सभागृहाचं नाव 'डेल' नाही, 'डॉल'. बाहुली आठवली तर आठवू द्या. 'फियाना फेल' लिहिलेलं तर सगळीकडे दिसतं. 1932 मध्ये सत्तेवर येऊन पुढे सलग सोळा वर्षं ती सांभाळणाऱ्या पक्षाला फेल का म्हणायचं, 'फॉल' लिहा. कॉसग्रेव्हच्या पक्षाचं नाव लिहिताना मात्र आपली लिपी अचानक कामाला येते. त्या नावातल्या शेवटच्या शब्दाची सुरुवात 'ग'ने होत नाही, नाकातल्या 'ङ'ने होते: कुमन न ङेल. बालवाडीत पाठ केलेलं आणि त्यानंतर शब्दाच्या सुरुवातीला कधीच न लागलेलं हे अक्षर इथे चपखल बसतं. कीबोर्डवर सापडत नसेल तर 'गेल' लिहा, पण मग लेखभर 'गेल'च ठेवा.